दयाळाचा पांढरा आणि काळा: नैसर्गिक उजेडात गाणाऱ्या पक्ष्याचे छायाचित्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या घराच्या परसात शेवग्याच्या सुकलेल्या फांदीवर मार्चपासून रोज एक दयाळ नर येऊन गातो. हाताशी ४०० मिलिमीटरची, एफ ५.६ पर्यंत उघडणारी लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे) आणि दीडपट क्रॉपचा, म्हणजे लहान सेन्सरमुळे दृश्य दीडपट जवळ दाखवणारा, कॅमेरा आहे. तरीही प्रत्येक छायाचित्रात एक तर पोटाचा पांढरा रंग जळून सपाट होतो, नाही तर डोके काळ्या डागासारखे दिसते आणि त्यात डोळा सापडत नाही. मागे आकाश आले की सगळा पक्षीच काळा पडतो. अशा वेळी फ्लॅश घ्यावा की अधिक उघडणारी महाग लेन्स घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

माझा सल्ला असा की तूर्त दोन्ही घेऊ नयेत. एफ ५.६ वरून एफ ४ वर गेल्याने उजेड फक्त एक स्टॉप वाढतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), आणि त्यासाठी लाखांत पैसे मोजावे लागतात. पहाटे सूर्य उगवण्याआधी तुम्ही त्याच जागी दहा मिनिटे अधिक थांबलात, तर त्याहून जास्त उजेड आपोआप मिळतो. फ्लॅशने डोळ्यात चमक येईल हे खरे, पण ती बाहुलीच्या मधोमध येते आणि मेलेली दिसते. शिवाय दयाळाच्या पाठीवर जी निळसर झाक असते तिच्या जागी एक कडक पांढरा ठिपका उमटतो. तुमची अडचण उपकरणांची नसून उजेडाची दिशा, मागची पार्श्वभूमी आणि तुमची उभी राहण्याची जागा या तीन गोष्टींची आहे. गेली वीसेक वर्षे पुणे जिल्ह्यात आणि कोकणात प्रामुख्याने लहान पक्ष्यांची छायाचित्रे काढताना मी जे शिकलो, त्यातले सर्वांत उपयोगाचे एवढेच आहे: आधी फांदी निवडावी, त्या फांदीवर चांगला उजेड कधी येतो ते पाहावे, आणि मग पक्ष्याची वाट पाहावी. पक्ष्याच्या मागे फिरणाऱ्याला पक्षी दिसतो, पण उजेड मिळेलच असे नाही.

दयाळ नेमका का अवघड आहे, ते आधी समजून घेऊ. नराचे डोके, गळा, छाती आणि पाठ काळी असते, पोट शुभ्र असते आणि पंखावर लांबट पांढरा पट्टा असतो. पांढरे पीस त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ऐंशी टक्के परत फेकते आणि काळे पीस जेमतेम चार टक्के, असे ढोबळपणे धरले, तर दोघांवर अगदी सारखा उजेड पडला असतानाही त्यांच्यात चार स्टॉपहून थोडा अधिक फरक राहतो. आजचा कोणताही बरा कॅमेरा एवढा फरक सहज पेलतो. गडबड होते ती पांढऱ्या भागावर थेट ऊन आणि काळ्या भागावर सावली पडली की, कारण ऊन आणि सावली यांच्यातला फरक आणखी तीन स्टॉपच्या घरात जातो आणि एकूण अंतर सात-साडेसात स्टॉप होते. तुमची सकाळची छायाचित्रे बहुधा अशीच आहेत. ऊन बाजूने येऊन पोटाच्या एका कुशीवर पडते, चेहरा दुसरीकडे वळलेला असतो आणि डोळा सावलीत जातो. मादीची छायाचित्रे तुम्हाला बरी साधतात असे तुम्ही लिहिले आहे, त्याचेही कारण हेच आहे. तिच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी असल्यामुळे हे अंतर मुळातच कमी असते.

यावरून पहिला नियम निघतो: उजेड तुमच्या पाठीमागून आणि खालच्या कोनातून यायला हवा. जुने छायाचित्रकार सांगतात की आपली सावली पक्ष्याकडे बोट दाखवत असावी, आणि दयाळासारख्या पक्ष्याच्या बाबतीत हे अक्षरशः पाळावे. उजेड समोरून, म्हणजे तुमच्या पाठीकडून आला की काळ्या आणि पांढऱ्या भागावर तो सारखाच पडतो, काळ्या पिसांवरची निळी झळाळी तुमच्या दिशेने परतते, आणि काळ्या चेहऱ्यातल्या गडद तपकिरी डोळ्यात उजेडाचा तो एक ठिपका उमटतो. त्या ठिपक्याशिवाय दयाळाचा डोळा चेहऱ्यात अक्षरशः हरवतो. बुलबुल किंवा सुभग यांच्या छायाचित्रात डोळ्यातली चमक नसली तरी चित्र उभे राहते. दयाळाचे राहत नाही.

आता तुमच्या गावाचा प्रश्न. छायाचित्रणाच्या बहुतेक पुस्तकांत सकाळच्या सोनेरी उजेडाचे जे वर्णन असते ते उत्तरेकडच्या देशांत लिहिलेले असते, जिथे सूर्य तिरका आणि सावकाश वर चढतो. मार्चच्या अखेरीस लंडनच्या अक्षांशावर उगवलेला सूर्य तासाभरात सुमारे नऊ अंश वर येतो; कोकणात तो चौदा अंश येतो. त्यातही तुमच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. सूर्य उगवल्याची वेळ पंचांगात साडेसहाची असली, तरी डोंगराच्या माथ्यावरून तो तुमच्या परसात डोकावतो तेव्हा तो बराच वर आलेला असतो आणि पहिल्याच किरणात ऊन कडक झालेले असते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर तुमच्या अक्षांशावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर कपाळाची सावली डोळ्यावर पडू लागते आणि तापलेल्या कातळावरून उठणाऱ्या वाफाऱ्यामुळे दूरच्या पक्ष्याची पिसे धूसर होतात. नऊनंतर मी कॅमेरा पिशवीत ठेवतो आणि दुर्बीण काढतो.

म्हणून तुम्हाला माझी शिफारस संध्याकाळची आहे. दयाळ पहाटे अधिक गातो हे खरे, पण दिवस मावळतानाही तो बराच वेळ चपळ असतो आणि विणीच्या काळात त्या वेळीही गातो. तुमच्या पश्चिमेला समुद्राकडे उतरत जाणारी जमीन आहे. दमट हवेतून येणारा मावळता उजेड मऊ होतो आणि सकाळच्या उजेडासारखा डोंगराआड अडत नाही. सूर्यास्ताआधीचा पाऊण तास मी सर्वांत मोलाचा मानतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. मार्चच्या विषुवदिनी सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, आणि जूनच्या अखेरीपर्यंत मावळण्याची जागा सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे सरकते. मार्चमध्ये ज्या जागेवरून फांदीवर समोरून उजेड पडत होता, तिथून मेमध्ये तो बाजूने पडू लागेल आणि तुम्हाला काही पावले बाजूला सरकावे लागेल. हे सरकणे माझ्या लक्षात यायला दोन हंगाम लागले. फांदी तीच, पक्षी तोच, वेळ तीच आणि तरी छायाचित्रे का बिघडली, हे मला कळत नव्हते.

आकाशाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण निम्मी छायाचित्रे तिथेच फसतात. तुम्ही जमिनीवरून वर पाहत आहात, म्हणून मागे आकाश येते. कॅमेऱ्याचे मोजमाप समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेवर आणू पाहते. चौकटीत तीन-चतुर्थांश उजळ आकाश असले की तो उजेड कमी करतो आणि पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर (सेन्सरवर पडू दिलेला उजेड) दीड-दोन स्टॉप वाढवून पक्षी उजळता येतो, पण मग आकाश पांढरे होते आणि पोटाची कडा त्यात विरघळते. हा पेच कॅमेऱ्याच्या कोणत्याही बटणाने सुटत नाही, जागा बदलूनच सुटतो. कोकणातल्या घरांचा मोठा फायदा असा की परस बहुधा उतारावर असतो. चढाकडच्या गडग्याजवळ बसलात किंवा घराच्या माळ्याच्या खिडकीतून पाहिलेत, तर तुम्ही फांदीच्या पातळीवर याल आणि मागे आकाशाऐवजी पलीकडची झाडी येईल.

इथे दयाळापुरता एक खास इशारा द्यायला हवा. मागे गर्द सावलीतली झाडी ठेवा, पक्षी उठून दिसतो, असा सल्ला सरसकट दिला जातो. हळद्या किंवा स्वर्गीय नर्तकाच्या पांढऱ्या नरासाठी तो उत्तम आहे. दयाळाचे काळे डोके मात्र अशा पार्श्वभूमीत बुडून जाते आणि पांढरे पोट तेवढे अधांतरी तरंगताना दिसते. त्याच्या मागे मध्यम छटेची, उजेड पडलेली हिरवळ हवी. उन्हातले गवत, काजूची किंवा आंब्याची उजेडातली पाने, अगदी शेणाने सारवलेल्या खळ्याची मातकट छटासुद्धा चालते. ती फांदीपासून निदान दहा-पंधरा मीटर मागे असावी, म्हणजे तिच्यातली पाने वेगवेगळी न दिसता एकसंध रंग उरतो. फांदी आणि पार्श्वभूमी यांच्यात अंतर कमी असेल, तर एफ ४ ची लेन्ससुद्धा तुम्हाला वाचवणार नाही.

अंतराचा हिशेब एकदा मनाशी पक्का करावा. दयाळ सुमारे वीस सेंटिमीटर लांब असतो. आठ मीटरवरून ४०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर दहा मिलिमीटरच्या आसपास उमटते, म्हणजे तुमच्या चौकटीच्या रुंदीचा जवळजवळ दोन-पंचमांश भाग भरतो. फांदी, पार्श्वभूमी आणि पक्षी यांचा मेळ घालायला हे पुरेसे आहे. त्या अंतरावर एफ ५.६ ला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे तीक्ष्ण येते ते अंतर, सुमारे नऊ सेंटिमीटर मिळते आणि पक्षी जवळजवळ पूर्ण तीक्ष्ण येतो. तुम्ही पाच मीटरवर गेलात, तर ती साडेतीन सेंटिमीटरवर येते. मग डोळा साधला तर शेपटी सुटते आणि शेपटी साधली तर डोळा. शिवाय पाच मीटरवर पक्षी गाणे थांबवून तुमच्याकडे पाहू लागतो. चौकट भरून टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही अनेक वर्षे होत होता, पण गाणाऱ्या पक्ष्याच्या छायाचित्रात त्याच्याभोवतीची मोकळी हवा हाही विषयाचाच भाग आहे असे मी आता मानतो.

फांदी कोणती? गाण्याची जागा दयाळ स्वतः ठरवतो. ती उंच, उघडी, बहुधा शेंड्याची असते आणि त्या जागेवर तो दिवसेंदिवस परत येतो, तुमच्या शेवग्यावर येतो तसाच. ही सवय छायाचित्रकाराला मिळालेले वरदान आहे. पण जमिनीवर किडे टिपायला उतरण्याआधी तो ज्या खालच्या फांदीवर क्षणभर टेकतो, ती आपण देऊ शकतो. शेवग्यापासून काही अंतरावर, ज्या जागी संध्याकाळी समोरून उजेड पडतो आणि मागे मोकळी हिरवळ आहे तिथे, करवंदीची किंवा आंब्याची एक सुकी, खडबडीत सालीची, बोटाएवढी जाड फांदी माणसाच्या उंचीवर तिरकी रोवावी. तिच्या तळाशी मातीच्या परळात पाणी ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाण्याची ओढ कोणत्याही खाद्याहून अधिक असते. मग चार-पाच दिवस कॅमेरा बाजूला ठेवून नुसते पाहावे. पक्षी कोणत्या बाजूने येतो, कोणत्या टोकाला बसतो, कोणत्या दिशेला तोंड करतो, हे वहीत टिपावे. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत मी एकदा एका नराच्या मागे तीन सकाळी हिंडलो आणि रिकाम्या हाताने परतलो. चौथ्या दिवशी एका दगडाशी बसून राहिलो, तेव्हा तो माझ्यापासून आठ-नऊ मीटरवरच्या बोरीच्या फांदीवर येऊन सलग काही मिनिटे गायला. तेव्हापासून मी चालणे कमी केले.

लपण साधे असले तरी पुरते. जुन्या सुती साडीचा किंवा गोणपाटाचा पडदा, त्यात लेन्सपुरती खिडकी, आणि बसायला पाट. माळ्याची खिडकी असेल तर तेही नको. ट्रायपॉडपेक्षा तांदूळ भरलेली कापडी पिशवी खिडकीच्या चौकटीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवणे मला अधिक सोयीचे वाटते.

एक्स्पोजर हाताने ठरवावे, म्हणजे मॅन्युअलवर. समोरून येणारा संध्याकाळचा उजेड दहा-बारा मिनिटे फारसा बदलत नाही, पण पक्षी उडून दुसऱ्या पार्श्वभूमीसमोर बसला की कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप मात्र लगेच बदलते. सूर्यास्ताआधी साधारण अर्धा-पाऊण तास, आकाश स्वच्छ असताना, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० आणि एफ ५.६ ला १/८०० ते १/१००० सेकंद या आकड्यांपासून मी सुरुवात करतो. पक्षी येण्याआधीच फांदीच्या टोकाला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा अडकवून एक छायाचित्र काढावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळ छटांचा आलेख, पाहावा. कापडाचा आलेख उजव्या कडेच्या अगदी जवळ, पण कडेला न चिकटता थांबला पाहिजे. तो चिकटला असेल तर शटर एक-तृतीयांश स्टॉपने वेगवान करावे. मग कापड काढून घ्यावे आणि तो आकडा बदलू नये. पांढरे वाचवले की काळे नंतर उजळता येते. जळालेल्या पांढऱ्यातली पिसे परत मिळवण्याचा मार्ग नाही. यासाठी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात छायाचित्रण आवश्यक आहे, जेपेगमध्ये काळ्या भागातला तपशील आधीच दाबलेला असतो. दर दहा मिनिटांनी हिस्टोग्राम पुन्हा तपासावा, आणि सूर्य क्षितिजाला टेकू लागला की वारंवार.

ढगाळ दिवसाचे गणित वेगळे आहे. पातळ ढगांतून झिरपणारा उजेड सगळीकडून येतो, ऊन-सावलीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि दयाळाचे दोन्ही रंग कॅमेऱ्याच्या आवाक्यात राहतात. नवशिक्याला मी असाच दिवस सुचवेन. मात्र काळ्या पिसांवरची निळी झळाळी त्या उजेडात मंद होते. माझ्या सर्वांत आवडत्या छायाचित्रांत ऊन आहे, पण ते विरळ ढगाआडून गाळून आलेले आहे.

शटरच्या वेगाबद्दल एवढेच की दीडपट क्रॉपवर ४०० मिलिमीटरची लेन्स ६०० मिलिमीटरसारखी वागते, म्हणून हातात धरून काढताना १/६०० च्या खाली जाऊ नये. टेकूवर, कंपन रोखणारी यंत्रणा चालू ठेवून, गप्प बसलेला पक्षी १/१६० लाही तीक्ष्ण येतो. गाणारा येत नाही. गाताना त्याचा गळा थरथरतो, चोच उघडझाप करते आणि शेपटी मध्येच उडते. यासाठी निदान १/५०० हवे. दयाळाचे गाणे छोट्या ओळींचे असते आणि दोन ओळींमध्ये क्षणाचा विराम असतो. विरामानंतर डोके किंचित वर उचलले गेले की चोच उघडणार हे समजावे आणि त्याच क्षणी पाच-सहा छायाचित्रांची छोटी मालिका सुरू करावी. चोच उघडलेली दिसल्यावर बोट दाबणारा नेहमी उशिरा पोहोचतो. इथे कान डोळ्याच्या पुढे असतात, म्हणून त्या नराचे गाणे आधी ओळखीचे करून घ्यावे.

फोकस डोळ्यावर, हे तुम्हाला ठाऊक आहे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतली डोळा शोधणारी यंत्रणाही काळ्या चेहऱ्यातल्या गडद डोळ्यापाशी मधूनमधून चुकते आणि पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्याला चिकटते, कारण तिथे कडा ठळक असते. अशा वेळी एकच छोटा बिंदू निवडून तो चोचीच्या मुळाशी ठेवावा. चोचीचे मूळ आणि डोळा जवळजवळ एकाच अंतरावर असतात. पक्षी पूर्ण आडवा बसला असेल आणि डोके किंचित तुमच्याकडे वळले असेल, तर ती सर्वांत चांगली ठेवण. डोके किंचितही पलीकडे वळले असेल, तर मी ते छायाचित्र ठेवत नाही, बाकी सगळे कितीही सुंदर असो.

पहाटेच्या गाण्याचे काय? ते सर्वांत भरभरून असते आणि तेव्हा उजेड नसतो. त्या वेळी पिसांचा नाद सोडावा आणि आकाशाचाच उपयोग करावा. पूर्वेचे आकाश फिकट केशरी असताना शेवग्याच्या शेंड्यावरचा दयाळ, शेपटी वर, चोच उघडी, असा नुसत्या काळ्या आकृतीत घ्यावा. इथे एक्स्पोजर आकाशावर ठरवावे, पक्षी पूर्ण बाजूने असावा आणि चोचीच्या दोन भागांमधून आकाश दिसावे. ज्या उजेडात बाकी काही जमत नाही, त्यात हे जमते.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. दयाळाच्या गाण्याचे महिने हेच त्याच्या विणीचे महिने असतात, आणि घरटे बहुधा जवळच्या झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीतल्या भोकात असते. मोबाइलवर आवाज वाजवून नराला जवळ बोलावू नका. मी हे अगदी सुरुवातीला एकदा केले. तो आला, पण गायला नाही. शेपटी पसरून, पंख खाली सोडून तो नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत बराच वेळ एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडत राहिला. त्या दिवशीची छायाचित्रे मी कोणाला दाखवली नाहीत. त्याच्या चोचीत किडा असेल आणि तो तसाच थांबून कर्कश, घासल्यासारखा आवाज काढत असेल, तर त्याला घरट्याकडे जायचे आहे आणि तुम्ही वाटेत आहात. तेव्हा लगेच उठून दूर जावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही येते. ढोलीसमोरची पाने उजेडासाठी छाटणे तर मुळीच करू नये. ती पाने पिल्लांवरचे ऊन आणि कावळ्यांची नजर अडवत असतात.

संगणकावरचे काम थोडे असावे. हायलाइट (उजळ भाग) किंचित खाली आणावेत, सावल्या पिसांच्या ओळी दिसतील इतक्याच उचलाव्यात. काळे राखाडी झाले की दयाळ मादीसारखा दिसू लागतो. झाडीतून परावर्तित झालेला हिरवा रंग पोटावर उतरला असेल, तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) पांढऱ्या पट्ट्यावर नव्याने ठरवावा. आयएसओ वाढल्याने आलेले कण पुसताना पार्श्वभूमीवरचे पुसावेत, पक्ष्यावरचे शक्यतो तसेच राहू द्यावेत.

पावसाळा लागून दयाळाचे गाणे ओसरले की मांडलेली फांदी काढू नका. तुमच्या परसाजवळून ओढा जात असल्याचे तुम्ही लिहिले आहे, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओढ्यांवर शीळकरी कस्तुर याच दिवसांत गातो. तोही काळसर निळा, कपाळावर आणि खांद्यावर झळाळत्या निळ्या डागांचा. पावसाळी ढगांच्या मऊ उजेडात तो दयाळाहून सोपा जातो, कारण त्याच्या अंगावर जळणारे पांढरे नाही; पण उजेड फारच कमी असतो, म्हणून आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न घाबरता न्यावा, एक्स्पोजर कॅमेऱ्याच्या मापापेक्षा अर्धा स्टॉप कमी ठेवावे म्हणजे गर्द निळा गर्दच राहतो, आणि लेन्सवर प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधून ओढ्याच्या काठाशी, पहाटे सहाच्या आधी जाऊन बसावे.